बॅटरीची करवत

वादळ तीन दिवस धिंगाणा घालून गेलं आणि चौथ्या दिवशी सकाळी टेकडीवरच्या आरोग्यधामाचा शिपाई सायकल ढकलत दारात आला. त्याच्याकडे निरोप दोन होते. पहिला निरोप नेहमीचाच, फक्त मोठा: आवारातली तेवीस झाडं मोडली आहेत, काही मुळासकट, काही अर्धवट. आठ दिवसांत सगळं साफ हवं, कारण पुढचा पाऊस फार लांब नाही. दुसरा निरोप सांगताना त्याने पायरीकडे न बघता सायकलच्या घंटीकडे बघितलं. यंदापासून आवारात पेट्रोलचं यंत्र चालवायचं नाही. त्या यंत्राने झाड कापायचं नाही, गवत कापायचं नाही, पाला उडवायचासुद्धा नाही. धुराने रुग्णांना खोकल्याची उबळ येते आणि आवाजाने त्यांची झोप मोडते. बॅटरीवरची यंत्रं असली तर या, नाहीतर साहेब दुसरा माणूस बघतील.

पायरीवर करवत्या बसला होता. गाव त्याला याच नावाने ओळखायचं. मांडीवर करवतीची साखळी घेऊन तो कानशीने एकेक दात घासत होता. डाव्या कानाने त्याला ऐकू येत नव्हतं आणि उजव्याचाही भरवसा नव्हता. त्याने बायकोकडे बघितलं. बायकोने उजव्या कानाशी तोंड नेऊन दोन्ही निरोप पुन्हा सांगितले. तो हसला आणि परत कानस चालवायला लागला.

"खेळणी पाहिजेत त्यांना," तो म्हणाला. "एकोणीस वर्षं तिथली झाडं मी कापली. दोन दिवस बघतील आणि बोलावतील."

थोरली आतून हे सगळं ऐकत होती. करवत्याला दोन मुली. धाकटी लग्न करून लांब गेली, थोरली घरीच राहिली आणि बापाच्या हाताखाली बारा वर्षं लाकूड कापत आली. आता ती चौतिशीला आली होती, खांदे बापासारखे रुंद झाले होते आणि गावात तिला कुणी नावाने हाक मारत नव्हतं. सगळ्यांची ती थोरलीच. तिला ठाऊक होतं की या वेळी कुणी बोलवायला येणार नाही. गेल्या वर्षीच तिथल्या नव्या व्यवस्थापकांनी दोनदा येऊन करवत बंद करायला लावली होती, आणि दुसऱ्यांदा हात जोडून नाही, कपाळाला आठ्या घालून. आरोग्यधामाचं काम गेलं की वर्षातलं निम्मं काम गेलं.

दुपारच्या बसने ती शहरात गेली आणि साठवलेलं सगळं घालून संध्याकाळी दोन खोकी घेऊन आली. एकात करवत, दुसऱ्यात पाला उडवायचं यंत्र, दोन्हींना चालतील अशा दोन बॅटऱ्या आणि एक चार्जर. करवत्याने जेवण होईपर्यंत खोक्यांकडे ढुंकून बघितलं नाही. हात धुतल्यावर मात्र तो आला, करवत उचलली, वरखाली केली.

"हलकी आहे," तो म्हणाला. एखाद्याची लबाडी उघडी पाडावी तशा आवाजात.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायला उशीर झाला. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आई बाबांच्या शर्टाची बटणं लावत होती. हल्ली हे रोजचंच झालं होतं आणि रोजच दार लोटून व्हायचं. सकाळच्या गारठ्यात करवत्याची बोटं पांढरी पडायची, मेणासारखी, आणि ऊन चढेपर्यंत तशीच राहायची. थोरलीने एकदा विचारलं तर आई म्हणाली, वय झालं की रक्त सावकाश फिरतं. थोरलीने पुढे विचारलं नव्हतं.

पहिला अर्धा तास इतका छान गेला की थोरलीला शिपायाला चहा पाजावासा वाटला. दोरी ओढायची नाही, धक्के मारायचे नाहीत, धूर नाही. खटका दाबला की साखळी सर्रकन फिरायची, सोडला की गप्प. व्हरांड्यातल्या आरामखुर्च्यांवर रुग्ण घोंगड्या पांघरून बसले होते आणि कुणी कानावर हात ठेवला नाही. एक म्हातारी तर चक्क झोपली होती. तीन लहान झाडांचे तुकडे झाले. चौथं जरा जाड होतं, चिवट लाकडाचं. निम्मं कापून झालं आणि करवत गुरगुरली, मंदावली, थांबली. साखळी जिच्यावर फिरते ती पट्टी लाकडात अडकून बसली. थोरलीने खटका दाबून बघितला, मग पुन्हा दाबला, जसं काही तो पहिल्यांदा नीट दाबला नव्हता.

करवत्या शेजारच्या बुंध्यावर बसला होता. थोरलीला वाटलं, काहीतरी बोलला असता तर बरं झालं असतं.

तिने दुसरी बॅटरी लावली आणि पहिली घेऊन चार्जरला प्लग शोधायला निघाली. बाहेरून जाता येईल असा प्लग एकाच ठिकाणी होता, धुलाईच्या खोलीत. तिथली बाई मोठ्या अंगाची, कोपरापर्यंत हात सतत ओले, सगळं आरोग्यधाम तिला मावशी म्हणायचं. मावशीने चार्जर बघितला आणि सांगितलं की इथे आधीच कपडे उकळायचं यंत्र आहे, दोन इस्त्र्या आहेत आणि भिंतीतली वायर तिच्या आजीच्या वयाची आहे. थोरलीने विनवण्या करून चार्जर लावला. पाव तासाने खोलीतले दिवे गेले, यंत्र बंद पडलं आणि चाळीस चादरी साबणाच्या पाण्यात अर्धवट राहिल्या. मावशी दारात आली. तिने जे काही सुनावलं ते व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेलं, आणि झोपलेली म्हातारी शेवटी त्याने जागी झाली.

फ्यूज बदलण्यात तास गेला. मग ठरलं की चार्जर फक्त इस्त्री बंद असताना लावायचा, म्हणजे मावशी सांगेल तेव्हा. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आचारी हे सगळं बघत होता. दुपारी थोरली हातावर हात ठेवून बसली होती तेव्हा तो ओरडून म्हणाला, "काय, दमलं का यंत्र? त्याला जरा पाय चेपून द्या." दोन वॉर्डबॉय हसले. थोरलीही हसली, कारण न हसणं जास्त वाईट दिसलं असतं.

संध्याकाळच्या सुमाराला साखळीतून जळका वास यायला लागला. पट्टीची कड निळी पडली होती. थोरलीने करवत उलटीसुलटी करून बघितली. तिला काही कळेना.

"तेल?" करवत्या म्हणाला. दिवसभरातला हा त्याचा पहिला शब्द होता.

तिने कपाळावर हात मारला. पेट्रोलच्या करवतीत पेट्रोल भरायला टाकी उघडली की शेजारच्या टाकीत साखळीचं तेलही भरलं जायचं. एक रिकामी झाली की दुसरीचीही आठवण व्हायची. इथे पेट्रोलच नाही म्हटल्यावर बारा वर्षांची सवय एका दिवसात पुसली गेली होती. नव्या कोऱ्या पट्टीला पहिल्याच दिवशी डाग.

त्या दिवशी साडेचार झाडं झाली. करवत्याने घरी जाताना तेवढंच सांगितलं की जुन्या करवतीने अकरा झाली असती. तो खोटं बोलत नव्हता, म्हणून थोरलीला त्याचा जास्त राग आला.

दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी तिने कामाला वळण लावलं. साखळीला रोज दोनदा कानस. बोथट साखळी बॅटरी पिऊन टाकते हे तिला कळलं होतं. मनगटापेक्षा बारीक फांदी हातकरवतीने नाहीतर कुऱ्हाडीने, यंत्र फक्त जाड लाकडाला. पाला उडवायचं यंत्र तर तिने पिशवीतून काढलंच नाही. ते दहा मिनिटांत बॅटरी संपवायचं, खराटा परवडला. मावशीशीही थोडं जमलं. थोरली सकाळी तिच्या ओल्या चादरींची टोपली दोरीपर्यंत उचलून न्यायची आणि मावशी इस्त्री तासभर उशिरा लावायची.

कुऱ्हाड करवत्याकडे होती. बारीक फांद्या तोडायचं काम त्याचं. ज्या माणसाने डोळे मिटून झाड कुठे पडणार ते सांगावं, त्याला काटक्या तोडायला बसवणं थोरलीलाही बरं वाटत नव्हतं, पण दुसरं काम नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्याच्या हातून कुऱ्हाड दोनदा निसटली. दुसऱ्यांदा ती थोरलीच्या पायापासून वीतभर अंतरावर पडली.

"बाबा, लक्ष कुठे असतं तुमचं?" ती खेकसली.

त्याने वाकून कुऱ्हाड उचलली, ती बोटांत नीट बसली आहे की नाही हे डोळ्यांनी बघितलं आणि कामाला लागला. थोरलीला वाटलं, मुद्दाम करतात. त्यांना काम बिघडवायचं आहे, म्हणजे पेट्रोलची करवत परत येईल.

चौथ्या दिवशी थोरली प्लग काढायला गेली होती. परत येताना तिने बघितलं की करवत्याने बुंध्यावर ठेवलेली करवत उचलली आहे आणि पुढच्या झाडाकडे चालला आहे. करवत पायाशी लोंबत होती, उजवा हात मागच्या मुठीवर. ती हाक मारणार तेवढ्यात साखळी फिरली. सर्र असा बारीक आवाज, बस. करवत्याने खाली बघितलंसुद्धा नाही, कारण त्याला तो आवाज ऐकूच गेला नाही. बुटाचं चामडं फाटून उघडं पडलं तेव्हा तो थांबला.

थोरलीने धावत जाऊन बॅटरी ओढून काढली. बुटाच्या आत अंगठ्याच्या शेजारच्या बोटाची साल निघाली होती, रक्त मोज्यात जिरत होतं. हाड वाचलं होतं. बूट जाड नसता तर बोट गेलं असतं. व्हरांड्यातून परिचारिका औषधाचा डबा घेऊन धावली, तिच्या मागून रुग्ण उठून उभे राहिले आणि सगळ्यांच्या मागून व्यवस्थापक आले.

करवत्याला त्यांनी व्हरांड्याच्या पायरीवर बसवलं. तीसेक माणसांच्या देखत एक तरुण मुलगी त्याच्या पायाला पट्टी बांधत होती आणि तो समोरच्या भिंतीकडे बघत होता.

"बंद आहे वाटलं मला," तो म्हणाला. "आपली करवत चालू असली की कळतं. हिचं मेलीचं काही कळतच नाही."

व्यवस्थापक करवत्याशी बोललेच नाहीत. त्यांनी थोरलीला बाजूला घेतलं आणि सांगितलं की या गृहस्थांनी यापुढे यंत्राला हात लावायचा नाही, लावलेला दिसला तर काम त्याच मिनिटाला बंद. ते हळू बोलले, पण इतकंही हळू नाही. थोरलीने मान हलवली. करवत बंद असताना ती वाजत नाही, हे खरं होतं. पण खटका दाबल्याशिवाय ती फिरत नाही, आणि एक नाही, दोन खटके एकदम दाबावे लागतात, हेही खरं होतं. चालता चालता दोन्ही दाबले जातात आणि माणसाला पत्ता लागत नाही, हे कसं? तिने घरी जाताना विचारलं. करवत्याने त्या बाजूचा कान बहिरा असल्यासारखं केलं. तो उजवा कान होता.

सातव्या दिवशी दोनच कामं उरली होती. ओंडके ढकलून रस्त्याकडेला लावणं, आणि व्हरांड्यावरची फांदी.

ही फांदी सगळ्यांनीच शेवटासाठी ठेवली होती. आवारातलं सगळ्यात मोठं झाड व्हरांड्याच्या कोपऱ्याला लागून होतं. वादळात त्याची एक फांदी, माणसाच्या कमरेएवढी जाड, खोडापाशी पिचली होती आणि व्हरांड्याच्या कौलांवर वाकून लोंबकळत होती. खाली आरामखुर्च्यांची रांग. त्या खुर्च्या आठवडाभर भिंतीला लावून ठेवल्या होत्या आणि रुग्ण दुसऱ्या टोकाला दाटीवाटीने बसत होते. सकाळपासून आभाळ भरून आलं होतं. वारा मधूनच यायचा, फांदी कुरकुरायची आणि सगळ्यांच्या माना वर व्हायच्या.

व्यवस्थापक चार वेळा येऊन आभाळ बघून गेले. पाचव्यांदा त्यांनी थोरलीची छोटी करवत बघितली, फांदी बघितली आणि त्यांचा धीर सुटला.

"हे बघा," ते करवत्याकडे वळून म्हणाले, चार दिवसांत पहिल्यांदा. "तुमची ती जुनी करवत आणा. मी सगळ्यांना आत नेतो. दहा मिनिटं चालवा आणि मोकळं करा हे."

थोरलीला हायसं वाटलं. आता बाबांना काय वाटत असेल याचीही तिला कल्पना होती. सात दिवस ते याच वाक्याची वाट बघत होते. ती घरून करवत मागवण्यासाठी शिपायाला हाक मारायला वळली.

"नको," करवत्या म्हणाला.

"काय नको?"

"बॅटरीनेच करू. तू वर जा. मी दोर धरतो."

थोरलीच्या डोक्यात तिडीक गेली. सात दिवस हाच माणूस बुंध्यावर बसून एकेक झाड मोजत होता, आणि आता खुद्द साहेब परवानगी देतात तर याला बॅटरी आठवते. तिने चिडून विचारलं की मग आठवडाभर तोंड का फुगवलं होतं. करवत्या दोराचं वेटोळं सोडवायला लागला. व्यवस्थापक दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले आणि मग रुग्णांना हलवायला निघून गेले.

ती शिडीवरून झाडावर चढली, कमरेचा पट्टा खोडाला बांधला. दोर फांदीला बांधून वरच्या दोन फांद्यांच्या दुबेळक्यातून खाली सोडला. खाली करवत्याने त्याचे शेजारच्या झाडाला दोन वेढे दिले आणि टोक हातात घेतलं. हे काम दोघांनी शंभरदा केलं होतं. वरच्याने कापायचं, खालच्याने दोर ताणून धरायचा आणि फांदी सुटली की ती सावकाश, इंचाइंचाने, कौलांपासून लांब उतरवायची. आधी वर बाबा असायचे आणि खाली ती. गेल्या तीन वर्षांपासून उलटं झालं होतं. करवतीच्या दणदणाटात बोलणं शक्यच नसायचं; ठरलेल्या चार खुणा होत्या, तेवढंच.

तिने खालच्या बाजूने पहिली खाच घेतली. मग वरून कापायला सुरुवात केली. साखळी लाकडात शिरली, भुसा तिच्या बाहीवर सांडत राहिला. एक तृतीयांश झालं. फांदीने पहिला कडाका दिला. थोरलीने खटका सोडला, करवत गप्प झाली आणि आवारात एवढी शांतता झाली की दोर झाडाच्या सालीवर घासल्याचा आवाज वर आला.

"घट्ट धरलंय ना?" तिने वरूनच विचारलं. त्याच्या उजव्या कानापर्यंत जाईल इतक्या मोठ्याने. पण सहज.

तिने खाली बघितलं. करवत्या दोराकडे बघत होता. दोर आवळायला बघावं तसं नाही, बारीक अक्षर वाचायला बघावं तसं.

"बाबा?"

"मला कळत नाहीये," तो म्हणाला.

"काय कळत नाही?"

"धरलंय की नाही ते." त्याने मान वर केली. आवाज नेहमीसारखाच होता, जरा हळूच. "बोटं कळत नाहीत मला. सकाळीच नाही, दिवसभर. दिसतंय तेवढंच कळतं. ओढ लागली तर सुटेल माझ्याकडून. तू पुढे कापू नकोस."

थोरली खोडाला टेकून तशीच राहिली. कुऱ्हाड. बूट. आणि मघाचं 'नको'. जुन्या करवतीची दोरी आता त्याला ओढता येणार नव्हती आणि ते साहेबांसमोर दिसलं असतं. हे सगळं तिला एकामागून एक कळत गेलं, आणि ती वर बांधलेली, हातात करवत, समोर अर्धवट कापलेली फांदी. खाली उतरायलाही वेळ नव्हता. लांबून वारा येताना ऐकू येत होता.

"मावशी," तिने धुलाईच्या खोलीकडे हाक मारली. "मावशी, जरा या."

मावशी हात पुसत आली. काय पाहिजे ते करवत्यानेच तिला सांगितलं. त्याने दोर तिच्या हातात दिला, तिसरा वेढा घालायला लावला, पाय कुठे रोवायचे, अंग कसं मागे टाकायचं, दोर सोडायचा तो कसा, हाताखालून हात घेत, हे सगळं सांगितलं. मावशीने आयुष्यभर ओल्या चादरी पिळल्या होत्या. तिने दोर धरला आणि करवत्याने तिच्या मुठी बघून मान हलवली.

"काप," तो म्हणाला.

तिने कापलं. आता तो बोलायचा थांबलाच नाही. अजून थोडं. डावीकडे झुकव. थांब, फांदीला बोलू दे. आता काप. बारा वर्षांत काम करताना तिने बापाचा इतका आवाज ऐकला नव्हता आणि चौथ्या सूचनेला तिला तो नकोसा झाला. पण एकही सूचना चुकीची नव्हती. चार बोटं लाकूड उरलं असताना करवत गुरगुरली आणि बंद पडली. थोरलीने एक सणसणीत शिवी हासडली, जी व्हरांड्याच्या बंद दारांपलीकडे नक्कीच गेली. तिने करवत कमरेला अडकवली, हातकरवत काढली आणि उरलेली चार बोटं हाताने कापायला लागली. खांदा भरून आला. घाम डोळ्यात गेला. वारा पोचला, फांदी हलली, आणि मग एका लांब कडाक्यासरशी ती सुटली.

दोर ताणला गेला. मावशी दोन पावलं ओढली गेली आणि तिथेच ठाम उभी राहिली. करवत्या तिच्या मागे उभा होता, हात तिच्या पाठीपासून दोन बोटांवर, कशालाही न लावता. "सोड. सोड. थांब. सोड," तो म्हणत राहिला. फांदी कौलांना घासत, कडेची दोन कौलं फोडून, अंगणात टेकली.

व्यवस्थापक बाहेर आले आणि त्यांनी आधी फुटलेली कौलं बघितली. ती कोण बदलून देणार असं त्यांनी विचारलं. मावशीने त्यांच्याकडे अशी नजर टाकली की ते वळून खुर्च्या लावून घ्यायला गेले.

आरोग्यधामाच्या डॉक्टरांनी संध्याकाळी करवत्याला खोलीत बोलावलं. मावशीने परिचारिकेला आणि परिचारिकेने त्यांना सांगितलं होतं. त्यांनी बोटांची टोकं सुईने टोचली, थंड पाण्यात हात बुडवायला लावले, किती वर्षं करवत चालवली ते विचारलं. छत्तीस, करवत्या म्हणाला. डॉक्टरांनी सांगितलं की यंत्राच्या थरथरीने असं होतं. गेलेलं परत येईल असं धरून चालू नका, यापुढे हात गरम ठेवा आणि थरथरणारं काही धरू नका. करवत्याने विचारलं की आधी आलो असतो तर? डॉक्टर कागदावर लिहीत होते. ते म्हणाले, आधी कुणीच येत नाही.

घरी आल्यावर आईने पाणी गरम करून घंगाळात ओतलं आणि करवत्या त्यात हात बुडवून बसला. थोरली समोर बसून साखळीला कानस लावत होती. ओंडके रस्त्याकडेला लावायचं उद्या सकाळचं काम राहिलंच होतं. तिला बापाचा राग यायचा होता आणि नीट येत नव्हता. स्वतःचा यायला लागला की ती कानस जोरात ओढायची. कोण जाणे किती महिने हा माणूस बघून बघून वस्तू धरत होता आणि आपण त्याच्यावर खेकसत होतो. आणि ज्याच्यापायी हे झालं तो आवाज, तो धूर, तो दणका, तेच त्याला परत हवं होतं.

"ती करवत ठेव बाजूला," करवत्या म्हणाला. "इकडे ये."

तो हात पुसत होता. ती जवळ जाऊन बसली.

"हात दे."

"मला काही झालेलं नाही, बाबा."

"बारा वर्षं झाली तुला. हात दे आणि डोळे मीट. मी कुठलं बोट दाबतो ते सांगायचं."

तिने नाइलाजाने उजवा हात पुढे केला आणि डोळे मिटले. त्याची बोटं पाण्याने कोमट झाली होती. आई स्वयंपाक सोडून दारात येऊन उभी राहिल्याचं तिला पावलांवरून कळलं.

"अंगठा," थोरली म्हणाली.

"हं."

"त्याच्या शेजारचं."

"हं."

"मधलं. मग त्याच्या शेजारचं. झालं का?"

ती वाट बघत राहिली. बाहेर पाऊस आला असावा, पत्र्यावर थेंब वाजत होते. तिला हसू यायला लागलं, लहानपणी असा खेळ ते खेळले नव्हते.

"दाबा ना, बाबा," ती म्हणाली. "करंगळी राहिली."

"दाबलंय," करवत्या म्हणाला.